बोट थांबली की गळ कुठे जातो?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी आणि माझा मेव्हणा, दोघांनी मिळून एक जुनी १२ फुटी फायबरची होडी घेतली आहे. मागे १२ व्होल्टची इलेक्ट्रिक मोटर आहे. मावळातल्या एका धरणावर तिथल्या मच्छीमार सोसायटीची परवानगी घेऊन महिन्यातून दोन रविवार जातो. आजवर काठावरूनच गळ टाकला. आता चालत्या होडीमागे नकली मासा ओढत नेऊन, म्हणजे ट्रोलिंग करून, खडस (महसीर) आणि शिवडा हे शिकारी मासे धरायची इच्छा आहे. परदेशी व्हिडिओंत सगळ्यांच्या बोटीवर डाउनरिगर दिसतो. आमचा दुकानदार म्हणतो, त्यापेक्षा लेड-कोर लाइन घ्या, स्वस्तात काम होईल. चाळीस हजारांपर्यंत खर्चाची तयारी आहे. काय घ्यावं?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : दोन्ही घेऊ नका. का, ते सविस्तर सांगतो, कारण तुमच्यासारख्याच होडीत बसून मी ही चूक केलेली आहे.

एका मित्राने परदेशातून डाउनरिगर आणला होता. होडीच्या कडेला बसवायची चरखी, तिच्यावर पोलादी तार, तारेच्या टोकाला चार किलोचा शिशाचा गोळा. गोळ्याजवळच्या चिमट्यात गळाची दोरी अडकवायची आणि गोळा हव्या त्या खोलीवर सोडायचा. मासा लागला की दोरी चिमट्यातून सुटते. यंत्र म्हणून उत्तमच. मी आयुष्यभर भांडुपच्या कारखान्यात टूलरूममध्ये काम केलं, त्यामुळे चांगलं बनवलेलं यंत्र हातात आलं की मला मोह आवरत नाही. एप्रिल महिना होता, धरणाचं पाणी बरंच उतरलं होतं. सात मीटरवर गोळा सोडून आम्ही निघालो. पंधरा मिनिटांत होडी मागून कुणी धरावी तशी गचकन थांबली. गोळा पाण्याखालच्या झाडाच्या बेचक्यात अडकला होता. पोलादी तार तुटत नाही. होडीची मागची बाजू खाली ओढली गेली आणि पाणी आत आलं. चरखीचा ब्रेक मीच घट्ट आवळलेला, तो ओल्या हाताने सुटेना. शेवटी पक्कड घेऊन तार कापली. तोवर घोट्यापर्यंत पाणी आणि बॅटरीची पेटी भिजलेली. मित्राला पोहता येत नव्हतं. जॅकेट घातलेलं होतं म्हणून आज हे शांतपणे लिहितोय.

दोष यंत्राचा नव्हता, ते चुकीच्या पाण्यात आणलं होतं. अमेरिकेच्या मिशिगन राज्याने १९६६ साली तिथल्या मोठ्या सरोवरांत कोहो सामन मासे सोडले. ते मासे उघड्या पाण्यात, तळापासून वर, थंड थरात फिरतात. वीस-तीस मीटर खोलीवर नेमका गळ नेऊन धरायचा, यासाठी तिकडे डाउनरिगरचा एवढा प्रसार झाला. आपली धरणं म्हणजे बुडालेली गावं. मुळशी घ्या, पवना घ्या. खाली शेतांचे बांध, घरांची जोती, विहिरी, आंब्या-जांभळांचे खोड. पवनेत उन्हाळ्यात पाणी उतरलं की वाघेश्वराचं मंदिर उघडं पडतं, ते पाहिलं असेल तर मी काय म्हणतो ते कळेल. शिवाय खडस असो की शिवडा, शिकारीला तो याच बांधांच्या आणि खोडांच्या आडोशाने दबा धरतो. म्हणजे मासा जिथे, अडकायची जागाही तिथेच.

म्हणून कुठलंही सामान घेताना मी एकच प्रश्न विचारतो : बोट थांबली की हे वर येतं की खाली जातं? मोटर बंद पडणार, मासा लागला की तुम्ही थांबणार, वाऱ्याने होडी फिरणार. थांबणं हे ठरलेलंच आहे. डाउनरिगरचा गोळा खालीच राहतो. लेड-कोर लाइनच्या पोटात शिशाची तार असते. दर दहा यार्डांना तिचा रंग बदलतो, आणि साधारण ताशी तीन किलोमीटर वेगाला एकेक रंग पाचेक फूट खाली उतरतो. मोजायला सोपं, खरं आहे. पण होडी थांबली की ती सगळी दोरी तळावर जाऊन पडते आणि झाडाच्या फांद्यांत गुंतते. तोडावी लागली तर शिसं पाण्यात राहतं. हेच पाणी कुणीतरी पितं.

याउलट तरंगणारा नकली मासा घ्या, ज्याच्या तोंडाशी मोठी पारदर्शक जीभ असते. ओढला की ती जीभ पाणी कापते आणि मासा खाली बुडी मारतो. थांबलं की तो आपसूक वर येतो. बांधाला टेकला तरी आधी जीभ आपटते, गळ मागे राहतो. अशा वेळी नवखा माणूस झटका देतो आणि गळ रुतवतो. दोरी ढिली सोडा, पाच आकडे मोजा, बहुतेकदा तो स्वतःच सुटतो. तीन मीटर जाणारे दोन आणि पाच-सहा मीटर जाणारे दोन, एवढे पुरेत. प्रत्येक नवा मासा आधी होडीच्या कडेला पाण्यात ओढून बघा. एका बाजूला कलत असेल तर नाकातली तारेची कडी किंचित उलट्या बाजूला वाकवा, अगदी केसभर. सरळ पोहू लागला की मगच मागे सोडा.

खोक्यावर छापलेल्या खोलीवर विसंबू नका. ती विशिष्ट जाडीच्या आणि विशिष्ट लांबीच्या दोरीवर काढलेली असते. बारीक दोरीला पाण्याचा अडथळा कमी, म्हणून मासा जास्त खोल जातो. मी काय करतो ते सांगतो. गवंड्याचा ओळंबा लांब सुतळीला बांधून, दर मीटरला गाठ मारून ठेवला आहे. जिथे तळ हळूहळू चढत जातो अशी स्वच्छ मातीची जागा शोधायची, मागे ३० मीटर दोरी सोडायची आणि खोलाकडून उथळाकडे सावकाश जायचं. रॉडचं टोक एरवी बारीक थरथरत असतं. मासा तळाला टेकला की ते ठोकर खाल्ल्यासारखं उडतं. तिथे खूण ठेवायची, ३० मीटर मागे वळायचं आणि ओळंबा सोडून खोली मोजायची. प्रत्येक माशाच्या पोटावर तो आकडा मार्करने लिहून टाका. हीच थरथर आणखी एक गोष्ट सांगते. ती थांबली की गळाला शेवाळ लागलंय, ओढत बसू नका.

दोरी किती सोडली हे कळायलाच हवं. लाइन-काउंटर असलेली रील मिळाली तर आनंद आहे, पण ती फक्त फिरकीचे फेरे मोजते. फिरकी काठोकाठ भरलेली नसेल तर एका फेऱ्यात दोरी कमी सुटते आणि आकडा मात्र जास्त दिसतो. मी आमच्या बिल्डिंगच्या गच्चीत टेप लावून ३० मीटर दोरी ओढून काउंटर ताडून पाहिला, चांगला तीन मीटरचा फरक निघाला. काउंटरची रील परवडत नसेल तर गच्चीतच दोरीवर दर १० मीटरला लाल शिवणदोऱ्याची बारीक गाठ मारा. बोटाला ती अंधारातही लागते.

दोरी ब्रेडेडच, म्हणजे धाग्यांची वेणी घातलेली, ३० पौंड ताण सोसणारी. टोकाला तीन मीटर २० पौंडी तंगूस. ब्रेडेड दोरी ताणून लांबत नाही, म्हणून माशाचा झटका रॉडने पचवायला हवा. सात फुटी, मधूनच वाकणारा रॉड घ्या. काठावरून गळ फेकायचा तुमचा ताठ रॉड इथे माशाचं तोंड फाडेल. रीलचा ड्रॅग, म्हणजे किती ओढीला दोरी सुटायची ते ठरवणारा ब्रेक, अंदाजाने नको, नागदेवी स्ट्रीटवर मिळणारा साधा तानकाटा दोरीला लावून ओढा. सर्वांत कमजोर दुवा २० पौंडांचा, म्हणजे नऊ किलो. त्याच्या पाव हिश्श्यावर, सव्वादोन किलोला, दोरी सुटायला हवी. रॉड होल्डर स्क्रूवर बसवू नका. फायबरच्या मागून पट्टी देऊन नट-बोल्ट लावा आणि दोन्ही हातांनी ओढून बघा. १२ फुटी होडीत दोनच रॉड, तिसरा नको.

वेग ताशी तीन ते चार किलोमीटर, रमतगमत चालण्याइतका. मोबाईलचा जीपीएस तो दाखवतो, वेगळं यंत्र लागत नाही. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नका. दुपारी घाटातून वारा सुटतो आणि परतीला तोंडावर येतो, तेव्हा ती उरलेली निम्मी लागते. वल्ही होडीत हवीतच. आणि चाळीस हजारांतला पहिला खर्च दोन चांगल्या लाइफ जॅकेटचा.

आता जे मला सर्वांत जास्त सांगायचं आहे ते. धरणात प्लास्टिकच्या बाटल्या रांगेत तरंगताना दिसतात ना, त्या कचरा नव्हेत. खाली जाळं आहे. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून ते कुणीतरी पहाटे लावलंय. त्या घरची चूल त्यावर पेटते. एकदा माझा गळ अशा जाळ्यात शिरला. मी सुरी काढली, तेवढ्यात तराफा वल्हवत एक मावशी आल्या, म्हणाल्या, “कापू नका दादा, मी सोडवते.” तीन काट्यांचा तो गळ त्यांनी जाळ्याचा एकेक डोळा मोकळा करत दहा मिनिटांत काढला, एकही धागा न तोडता. तेव्हापासून बाटल्या दिसल्या की मी गळ वर घेतो आणि लांबून वळसा घालतो. निघण्यापूर्वी सोसायटीच्या माणसाला जाळी कुठे आहेत ते विचारा, तो आनंदाने सांगेल.

गळाचे उलटे काटे पकडीने दाबून सपाट करा आणि खडस लागला तर पाण्यातच सोडवून जाऊ द्या. लोणावळ्याला वळवणच्या केंद्रात टाटा पॉवर १९७०च्या दशकापासून खडसाची पिल्लं वाढवत आली आहे. मोठी मादी खाऊन टाकायची गोष्ट नाही.

प्रश्न : पवई तलावात ट्रोलिंग जमेल का? निदान विहारला? – एक वाचक, कांजूरमार्ग

उत्तर : पवईत नाही. तलाव उथळ, जलपर्णी भरपूर, आणि तिथले कटला, रोहू, मृगळ हे धावत्या माशामागे लागणारे शिकारी नव्हेत. कटला पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो. पवईला काठावर बसून कणकेचा गोळाच लावावा, तोही तिथल्या अँगलिंग असोसिएशनच्या नियमांनी. मगरी आहेत, पाण्यात पाय सोडून बसू नका. विहार आणि तुळशी हे पिण्याच्या पाण्याचे तलाव, तिथे गळ न्यायचाच नाही.

प्रश्न : माझे बाबा वर्सोव्याहून होडीने समुद्रात गळाला जायचे. त्यांची जुनी आडवी रील घरात आहे, वीस वर्षं कुणी हात लावलेला नाही. माझ्या मुलाला ती तलावावर वापरायची आहे. चालेल का? – एक वाचिका, अंधेरी

उत्तर : ताई, नक्की चालेल. अशी आडवी रील ट्रोलिंगला उत्तम. तिच्यावरची दोरी मात्र सगळी काढून टाका, जुना तंगूस वरून चांगला दिसतो आणि गाठीत तुटतो. रील उघडताना जुन्या पांढऱ्या चादरीवर बसा, म्हणजे उडालेली स्प्रिंग सापडते, आणि प्रत्येक पायरीचा मोबाईलवर फोटो काढा. मिठाचे पांढरे थर कोमट पाण्याने आणि दातांच्या ब्रशने निघतात, कानशीने खरवडू नका. ड्रॅगच्या चकत्या चामड्याच्या असतील तर त्या कडक झाल्या असतील. तशाच मापाच्या चकत्या कापून घेता येतात. मी कितीतरी कापल्या आहेत. बेअरिंगला तेल एक थेंब, दात्यांना ग्रीस पातळ.

बाजूला एक छोटी कळ दिसेल, ती सरकवून फिरकी फिरवली की कर्र कर्र आवाज येतो. ती कळ शाबूत आहे का ते आधी बघा. रॉड होल्डरमध्ये ठेवून मुलगा पाठमोरा बसला तरी मासा लागल्याचं त्याला त्या आवाजाने कळेल. दोरी सोडताना अंगठा फिरकीवर हलका टेकवून ठेवायला शिकवा, नाहीतर फिरकी दोरीपेक्षा पुढे धावते आणि गुंता होतो. बाबांच्या रीलवर अंगठ्याच्या जागी कडेचा मुलामा घासून गेलेला असेल. त्याने अंगठा तिथेच ठेवायचा.