सेशन लावण्याआधी

ठाणे, रविवार

सप्रेम आशीर्वाद.

तुझा फोन झाल्यापासून डोक्यात तोच विषय घोळतोय. महाप्याच्या कंपनीत एचआर ट्रेनी म्हणून लागलीस आणि पहिल्याच आठवड्यात साहेब म्हणाले, 'पोरं टिकत नाहीत, मोटिव्हेशनचं एखादं सेशन लाव.' लावू का, म्हणून विचारलंस. लाव की. पण आधी आठवडाभर शॉप फ्लोअरवर, म्हणजे प्रत्यक्ष काम चालतं तिथे, जाऊन उभी राहा.

हे मी तोंडावर आपटून शिकलो. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात पर्सोनेलला, म्हणजे तुमच्या आताच्या एचआरला, होतो. पॅकिंगला तिसऱ्या पाळीत चुकीची लेबलं लागायची. मी सगळ्यांना बसवून गुणवत्तेवर तासभर भाषण ठोकलं. चहा-समोसे झाले, लेबलं चुकतच राहिली. शेवटी एका रात्री दोन वाजता टेबलाशी जाऊन बसलो. दोन मालांची लेबलं एकाच निळ्या रंगाची, फरक काय तो कोपऱ्यातल्या एका आकड्याचा, आणि वरची ट्यूब लुकलुकतेय. दिवसा खिडकीतून उजेड यायचा, म्हणून दिवसपाळीला अडचण नव्हती. ट्यूब बदलली, एका लेबलावर लाल पट्टी छापून घेतली, संपलं. आणि मी निघालो होतो पोरांची वृत्ती सुधारायला!

आपल्या विषयाचा, औद्योगिक मानसशास्त्राचा, इतिहास वाचताना हे लेबल आठव. अमेरिकन इंजिनिअर टेलरचं शास्त्रीय व्यवस्थापनावरचं पुस्तक 1911 चं. बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यात एक मजूर दिवसाला साडेबारा टन कच्चं लोखंड उचलायचा, ते 47 टनांवर नेलं, असं तो स्वतः सांगतो. मजुरी मात्र 1.15 डॉलरवरून 1.85 झाली. हिशेब तूच कर. तरी काम जवळ जाऊन बघायची सवय त्याचीच देणगी, ती नाकारू नये. म्युन्स्टरबर्ग हा मानसशास्त्रज्ञ वुंटचा शिष्य, पुढे हार्वर्डला. त्याने ट्रामचालकांची निवड कशी करावी याचा अभ्यास केला, तोही ट्राम चालवताना नजरेला आणि मनाला नेमकं काय करावं लागतं हे आधी पाहून. 'जॉब अॅनालिसिस' म्हणून तुला परीक्षेला आलं असेल ते हेच. निवड, प्रशिक्षण, मूल्यमापन, सगळं त्यावर उभं. ते न करता घेतलेली चाचणी दहा वेळा तोच निकाल देईलही, म्हणजे विश्वसनीय असेल. पण सप्रमाण असेलच, म्हणजे जे मोजायचं तेच मोजेल, असं नाही.

हॉथॉर्नबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण ते फार गुळगुळीत करून शिकवतात. शिकागोजवळच्या त्या टेलिफोन सामानाच्या कारखान्यात 1924 ते 1932 प्रयोग चालले. लक्ष दिलं की माणूस चांगलं काम करतो, एवढं सार सांगून मोकळे होतात. पण रिले (टेलिफोनमधले छोटे विजेचे स्विच) जोडणाऱ्या पाच मुलींपैकी दोघींना फार बोलतात, सहकार्य करत नाहीत म्हणून 1928 च्या सुरुवातीला खोलीतून काढून दुसऱ्या दोघी आणल्या होत्या! मग वाढलेल्या उत्पादनाचं श्रेय नक्की कशाला द्यायचं? मला त्याच मालिकेतली बँक वायरिंगची, म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजच्या सामानाला तारा जोडायची, खोली जास्त खरी वाटते. तिथे 14 पुरुष होते. दिवसाला किती काम 'बरोबर' हे त्यांनी आपापसात ठरवलेलं. कोणी जास्त हात चालवला की दंडावर बुक्की. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांत बुक्की नसायची, पण 'साहेबाचा चमचा' म्हणून डबा खायला कोणी शेजारी बसायचं नाही. परिणाम तोच.

आणि अहमदाबाद विसरू नकोस. तिथल्या कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित माग आले, पण उत्पादन अपेक्षेइतकं होईना. 1953 साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक या संशोधन संस्थेचा राइस तिथे गेला. कामाचे इतके बारीक तुकडे केले होते की कुठल्याच मागाला कोणी आपला म्हणणारं नव्हतं. चर्चेनंतर कामगारांनीच छोटे गट बांधले, प्रत्येक गटाने ठरावीक माग वाटून घेतले. उत्पादन वाढलं, खराब कापड कमी झालं. माणसं त्याच गिरणीतली, मागही तेच. हॅकमन आणि ओल्डहॅम या अमेरिकन अभ्यासकांनी सत्तरच्या दशकात चांगल्या कामाचे स्वायत्तता, कामाची अखंडता (अख्खं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपल्या हातून होणं) वगैरे पाच गुण मांडले, त्यातले हे दोन अहमदाबादच्या मागांवर आधीच दिसले होते.

तर आता तुझ्या पोरांचं. सोडून गेलेल्यांची यादी काढ. कुठली लाइन, कुठली पाळी, कितव्या महिन्यात गेले, कंत्राटी किती, एवढं एका कागदावर मांड. सगळे दुसऱ्या पाळीचे निघाले तर कंपनीची बस कोपरखैरणे स्टेशनला कितीला सोडते आणि पुढची ठाणे लोकल कितीची, ते आधी बघ. मग त्यातल्या पाच-सहा जणांना फोन लाव. 'का सोडलीस?' विचारलंस तर 'घरची अडचण' हेच ऐकशील. त्याऐवजी विचार, 'आता बास, असं पहिल्यांदा कधी वाटलं? त्या दिवशी काय झालं होतं?' मानसशास्त्रज्ञ फ्लॅनगनने 1954 मध्ये मांडलेली पद्धत साधारण हीच: मत विचारू नये, घडलेला प्रसंग विचारावा. सगळ्यांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचार, नाहीतर उत्तरं ताडून बघता येणार नाहीत.

साहेबांना सेशनची तारीख पंधरा दिवस पुढची दे. आणि फोन स्वतःच्या मोबाइलवरून कर. कंपनीचा नंबर दिसला तर त्यातला एकही उचलणार नाही.

तुझा,
काका