कोजागिरीच्या पेल्यांसाठी घरची सजावट

प्रश्न : आमच्या गच्चीवर दर वर्षी कोजागिरीला आप्त आणि शेजारी मिळून पस्तीसेक माणसे जमतात. गेल्या वर्षी मुलींनी हौसेने पेल्यांना रंगीत कागद आणि चमकी चिकटवली होती. थंडगार मसाला दूध ओतताच पेल्यांना बाहेरून पाणी सुटले, कागदाचा रंग सगळ्यांच्या हातांना लागला आणि चमकी दुधावर तरंगू लागली. ते पाहून सासूबाईंनी दूध प्यायलेच नाही. शिवाय खाली ठेवलेला पेला नेमका कोणाचा, हा घोळ रात्रभर चालला. यंदा घरीच काही सुबक करता येईल का? पेले थोडे काचेचे, थोडे स्टीलचे आहेत. हाताशी पंधरा दिवस आहेत. — एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : मुलींच्या हौसेला बोल लावू नये, कोरड्या भिंतीवर शोभणारे सामान त्यांनी ओल्या पेल्यावर लावले, एवढेच झाले. थंड पेल्यावर हवेतली वाफ थेंब होऊन बसते. पतंगी किंवा क्रेप कागदाचा रंग त्या थेंबांत उतरतो, आणि बाजारातली बहुतेक चमकी हे प्लास्टिकचेच बारीक कण असल्यामुळे ती विरघळतही नाही. सासूबाईंनी पेला बाजूला सारला ते योग्यच केले.

म्हणून पहिले पथ्य असे, की पेल्याच्या कडेपासून खाली दोन सेंटिमीटर, म्हणजे साधारण अंगठ्याच्या एका पेराएवढी जागा, बाहेरूनही मोकळी ठेवावी. तिथे ओठ लागतात. खाण्यापिण्याच्या भांड्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकांतही वरचा २० मिलिमीटरचा पट्टा याच कारणाने वेगळा धरलेला आहे, कारण भांड्यावर रंगवलेल्या नक्षीतून शिसे आणि कॅडमियम सुटण्याची शक्यता असते. काचेवर हाताने नक्षी रंगवण्याचा विचार मनात असेल, तर तो या प्रसंगापुरता सोडून द्यावा.

आता काय करावे ते सांगते. आपल्या आज्यांच्या घरी दुधाच्या भांड्यावर क्रोशाची जाळी असायची आणि तिच्या कडेला मणी ओवलेले असायचे. ते मणी शोभेचे होतेच, पण त्यांच्या वजनाने जाळी वाऱ्याने उडत नसे. पावसाळा सरल्यावर गच्चीवरच्या दिव्याभोवती किडे जमतात हे आपण जाणताच. तेव्हा पेल्याची सर्वांत उपयोगी सजावट म्हणजे पेल्यावरचे झाकण, असे माझे स्पष्ट मत आहे. पंधरा दिवसांत छत्तीस जाळ्या विणून होणार नाहीत, म्हणून तेच काम मलमलीवर करावे.

एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद पांढरी सुती मलमल आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावी, म्हणजे ती मागाहून आटणार नाही. तिचे १६ सेंटिमीटरचे चौकोन कापले, की एका ओळीत सहा याप्रमाणे छत्तीस निघतात : पस्तीस पाहुण्यांचे आणि एक नैवेद्याच्या पेल्याचे. गोल कापण्याचा मोह होईल, परंतु गोल कडेची तुरपाई करताना कापड चुण्या घेते आणि नवख्या हातांचा उत्साह तिथेच मावळतो. चौकोनाची कड सरळ असल्यामुळे दहा-बारा वर्षांची मुलगीही चारी बाजूंनी एक-एक सेंटिमीटर दुमडून ती नीट शिवू शकते. सात सेंटिमीटर तोंडाच्या पेल्यावर असा रुमाल ठेवला, की बाजू साडेतीन सेंटिमीटर उतरतात आणि चार टोके त्याहून खाली लोंबतात. प्रत्येक टोकाला एक लहान पितळी घुंगरू टाकावे. एकूण १४४, म्हणजे बरोबर बारा डझन लागतील. राजवाड्यामागच्या गल्ल्यांत चौकशी करावी. घुंगरू दुहेरी दोऱ्याने घट्ट बसवून एकदा जोराने ओढून पाहावे, कारण लहान मुलाच्या हाती सुटे घुंगरू लागणे धोक्याचे आहे.

कोणाचा पेला कोणता, याचा निकालही इथेच लागतो. कशिद्याच्या दोऱ्याचे सहा रंग घ्यावेत आणि सहा सोप्या खुणा ठरवाव्यात : चंद्रकोर, पान, मासा, तारा, थेंब, फुली. सहा सक छत्तीस, म्हणून एकही रुमाल दुसऱ्यासारखा होत नाही. खूण एका कोपऱ्यात, सहा पदरी दोऱ्याचे दोनच पदर घेऊन, साखळी टाक्याने भरावी. नावे लिहिण्यापेक्षा हे मला अधिक आवडते. ‘हिरवा मासा माझा’ हे शेजारचे चार वर्षांचे मूलही लक्षात ठेवते. लाल आणि काळ्या दोऱ्याचा रंग मात्र आधी ओल्या पांढऱ्या चिंधीवर घासून तपासावा.

शिवून झाल्यावर भाताच्या पातळ पेजेची खळ देऊन रुमाल इस्त्री करावेत. खळ नसेल तर मलमल मधोमध झोळ घेते, दुधाला टेकते आणि केशराचा पिवळा डाग कायमचा बसतो. त्याच कारणाने पेला काठोकाठ न भरता दोन बोटे उणा ठेवावा. चांदण्यात दूध ठेवण्याच्या वेळी रुमाल अर्थातच काढून ठेवायचे.

स्टीलच्या पेल्यांत गरम दूध देणार असाल, तर त्यांच्या पोटाला जुन्या माहेश्वरी साडीच्या काठाची दुपदरी पट्टी करावी, म्हणजे बोटे भाजत नाहीत. पेला खाली निमुळता असल्यामुळे सरळ पट्टी घसरते. तिच्या खालच्या कडेला धावदोरा घालून पेल्याच्या बेताने चुण्या ओढाव्यात. डिंक न वापरता मागे बंद बांधावेत. कागदाचीच पट्टी हवी असेल, तर पेला कागदावर आडवा लोळवून दोन्ही कडांनी पेन्सिल फिरवावी. तो आपोआप वळत जातो आणि नेमका कमानीचा आकार मिळतो. थर्माकोलची सजावट आणि प्लास्टिकच्या नळ्या १ जुलै २०२२ पासून देशभर बंदच आहेत, तेव्हा त्यांचा विचार नको.

घरातल्या ज्येष्ठ अपत्याचे त्या रात्री औक्षण होते. त्या मुलीच्या किंवा मुलाच्या रुमालावर चारही कोपऱ्यांत चंद्रकोर भरावी, आणि ती सासूबाईंनाच भरायला द्यावी.