वाचकांचे प्रश्न: टीसीएल टाकूनही गावात जुलाब का?

प्रश्न: आमच्या पाड्याला एकच सार्वजनिक विहीर आहे. पावसाळ्यात रोज सकाळी टीसीएल पावडर (पाण्यातले जंतू मारणारी, क्लोरीन असलेली ब्लीचिंग पावडर) टाकली जाते, वासही येतो, तरी दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये जुलाबाचे पेशंट निघतातच. पावडर भेसळीची असते का?
– ग्रामपंचायत सदस्या, पेठ तालुका

उत्तर: ताई, पावडरीकडे नंतर येऊ. आधी किती, कधी आणि कशी टाकतात ते पाहा. बहुतेक ठिकाणी मुठीच्या अंदाजाने टाकतात, तीही कोरडी, थेट विहिरीत.

मात्रा ठरते ती पाण्यावर. विहिरीचा व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं फुटांत, आणि येईल त्याला २२ ने गुणा. हे झाले अंदाजे लिटर. १२ फूट व्यास आणि १० फूट पाणी असेल तर साधारण ३१,७०० लिटर. हजार लिटरला ५ ग्रॅम या हिशेबाने १६० ग्रॅम टीसीएल लागेल. तीच विहीर एप्रिलमध्ये ४ फुटांवर आली की ६५ ग्रॅम पुरे. म्हणजे वर्षभर एकच माप चालत नाही. दोरीला दगड बांधून दर आठवड्याला खोली मोजा आणि पावडर काट्यावर तोला.

टाकायची पद्धत अशी. पत्र्याची नको, प्लास्टिकची बादली घ्या आणि एका बादलीत १०० ग्रॅमच्या वर पावडर घेऊ नका. आधी थोड्या पाण्यात गुठळ्या मोडून लगदा करा, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळा आणि दहा मिनिटं ठेवा. चुना खाली बसतो. वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओतून ती दोराने पाण्यात सोडा आणि खालीवर हलवा. तळाचा चुना विहिरीत टाकू नका, त्याने पाणी जड होतं. कालवताना तोंडाला फडकं बांधा, वाऱ्याकडे पाठ करा.

आता वेळ. क्लोरीनला जंतू मारायला किमान एक तास लागतो. सकाळी सहाला पावडर पडली आणि सव्वासहाला हंडे भरले, तर टाकून न टाकल्यासारखंच. रात्री उपसा थांबल्यावर टाका. तुमच्या तक्रारीचं मूळ बहुधा इथेच आहे.

वास आला म्हणजे काम झालं, हेही खरं नाही. ओटी टेस्ट करा, म्हणजे ऑर्थोटोलिडीन या रसायनाने पाण्यातला क्लोरीन तपासा: परीक्षानळीत पाणी घेऊन ओटीचे थेंब टाका. दहा सेकंदांच्या आत येणारा पिवळा रंग हा मोकळ्या क्लोरीनचा. उशिरा येणारा रंग घाणीशी जखडलेल्या क्लोरीनचाही असतो आणि तो जंतूंवर फार हळू चालतो. नळयोजना असेल तर टाकीजवळ नव्हे, शेवटच्या घरच्या नळाला तपासा. तिथे लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन हवा. टेस्ट झाली की नळीतलं पाणी ओतून द्या. ओटी विषारी आहे, मुलांच्या हाती लागू देऊ नका.

पहिल्या मोठ्या पावसानंतर पाणी गढूळ येतं. मातीतली घाण क्लोरीन आधीच खाऊन टाकते, म्हणून नेहमीची मात्रा पुरत नाही. ओटी टेस्टमध्ये पिवळा रंग येईपर्यंत मात्रा थोडी थोडी वाढवा आणि ते दिवस घरोघरी पाणी गाळून, खळखळून उकळून प्यायला सांगा. कठडा फुटलेला असेल किंवा ओट्यावरचं धुण्याचं पाणी परत आत जात असेल, तर आधी गवंडी बोलवा. रोज घाण आत येत असताना नुसत्या टीसीएलने निभाव लागत नाही.

आणि पावडर. ताज्या टीसीएलमध्ये सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. पोतं उघडं राहिलं, ओल लागली, ऊन लागलं की तो उडतो. २० टक्क्यांच्या खाली गेली तर वापरू नये. नमुना आरोग्य केंद्रामार्फत प्रयोगशाळेत पाठवता येतो, तो पाठवाच.

प्रश्न: ओआरएस दिलं तरी बाळाचे जुलाब थांबत नाहीत, म्हणून आया ते बंद करतात. काय सांगावं?
– आशा कार्यकर्ती, सुरगाणा

उत्तर: ओआरएस जुलाब थांबवायला नसतंच, गेलेलं पाणी आणि मीठ भरून काढायला असतं. हे पहिल्याच भेटीत सांगा, म्हणजे अपेक्षाभंग होत नाही. मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. पेल्यात अर्धं पाकीट कालवण्याची सवय मात्र धोक्याची, मीठ जास्त होतं. छोटी २०० मिलिलीटरची पाकिटंही येतात, तेव्हा पाकिटावरचं माप वाचून दाखवा. कालवलेलं २४ तासांनी ओतून द्या.

दर पातळ शौचानंतर दोन वर्षांखालच्या बाळाला ५० ते १०० मिलिलीटर, चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, अजून सावकाश. सोबत झिंक १४ दिवस: सहा महिन्यांपुढे २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांत १० मिलिग्रॅम. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी गोळ्या पुऱ्या करायच्या; नेमकं तिथेच घरं सोडतात. अंगावरचं दूध चालू ठेवा. सहा महिन्यांपुढच्या बाळाला नागलीची पातळ पेजही द्या. डोळे खोल गेले, बाळ सुस्त पडलं, काही पीत नाही किंवा शौचात रक्त दिसलं, तर वाट न पाहता १०८ ला फोन.

प्रश्न: द्राक्षबागेतला फवारणीचा टँक आम्ही विहिरीवरच भरतो. त्याच विहिरीचं पाणी घरात पितो. टीसीएल टाकलं तर चालेल ना?
– शेतकरी, निफाड

उत्तर: नाही, भाऊ. टीसीएल जंतूंसाठी आहे, फवारणीचं औषध त्याने जात नाही, उकळूनही जात नाही. पाइपाचं टोक टँकातल्या पाण्यात बुडवून ठेवलं आणि मध्येच लाइट गेली, की टँकातलं औषध पाइपातून उलटं विहिरीत ओढलं जाऊ शकतं. टोक पाण्याच्या वर अधांतरी बांधा. टँक व डबे तीनदा विसळा आणि ते पाणी बागेतच फवारा. विहिरीच्या ओट्यावर एकही डबा धुवायचा नाही.