छोट्या अकाउंटिंग फर्मने क्लाउडवर जावं का, आणि सुरुवात कुठून करायची?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा, की ९ जणांची फर्म आहे, ऑफिसातला सर्व्हर म्हातारा झालाय, एक पार्टनर म्हणतोय सगळं क्लाउडवर टाकून मोकळे होऊ आणि दुसरा म्हणतोय क्लायंटचा डेटा परक्याच्या मशीनवर ठेवायचा नाही म्हणजे नाही, आणि मध्ये तुम्ही. मी याच सँडविचमध्ये वर्षभर होते. आमच्याकडे मी अकाउंटिंगच करते, पण कॉम्प्युटरमधलं जरा कळतं म्हटल्यावर सिस्टिमपण माझ्याच गळ्यात पडली, त्यामुळे मी काही आयटीवाली नाही हे आधीच सांगते.

जा, असंच माझं मत आहे. पण त्याआधी दोन्ही पार्टनरना वेगवेगळं गाठा आणि विचारा की क्लाउड म्हणजे तुमच्या डोक्यात नक्की काय आहे. आमच्याकडे चार मीटिंगा भांडण्यात गेल्या आणि मग कळलं की दोघं दोन वेगळ्याच गोष्टींबद्दल बोलत होते.

एक प्रकार म्हणजे तुमचं आत्ताचं सॉफ्टवेअर तेच राहतं, फक्त ते ज्या मशीनवर चालतं ती मशीन होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये असते आणि तुम्ही रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे आपल्या स्क्रीनवरून दूरची मशीन चालवायच्या सोयीने, तिच्यात शिरता. स्क्रीन तीच, शॉर्टकट तेच, कुणाला काही शिकवावं लागत नाही, जुनी वर्षंही जशीच्या तशी येतात. दुसरा प्रकार म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारं अकाउंटिंग, झीरो (Xero) किंवा क्विकबुक्स ऑनलाइनसारखं, जिथे इन्स्टॉल काहीच करायचं नाही, बँकेच्या एंट्र्या फीडने आपोआप येतात, क्लायंट त्याच्या जागेवरून आणि तुम्ही तुमच्या जागेवरून एकाच वेळी तेच पुस्तक बघता. पहिल्यात फक्त घर बदलतं, दुसऱ्यात कामाची पद्धतच बदलते. दोन्हींना लोक क्लाउडच म्हणतात, तिथेच सगळा गोंधळ.

आणि एक तिसरा प्रकार आहे जो प्रकार नाहीच आहे, जुगाड आहे, आणि तो आम्ही केला. सॉफ्टवेअरचा डेटा फोल्डर उचलून एका सिंक होणाऱ्या ड्राइव्हमध्ये ठेवला, म्हटलं झालं क्लाउड, फुकटात. तीन आठवडे मस्त चाललं. मग एके दिवशी दोघींनी एकाच क्लायंटची फाइल एकाच वेळी उघडली, सिंकने दोन कॉपी बनवल्या, एकीत माझी एंट्री आहे तिची नाही, दुसरीत तिची आहे माझी नाही, आणि खरी कुठली हे कुणालाच माहीत नाही. दोन दिवस व्हाउचर घेऊन बसलो तेव्हा ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांच्या बाक्यांची यादी, जुळला. अकाउंटिंगची फाइल म्हणजे डेटाबेस असतो, ती वर्डच्या फाइलसारखी सिंक करायची गोष्ट नाही. पीडीएफ, स्कॅन केलेली बिलं, वर्किंग पेपर्स खुशाल सिंक करा. लेजर, म्हणजे खतावणी, नको.

आता दुसऱ्या पार्टनरच्या भीतीबद्दल. ती खोटी नाहीये, फक्त जागा चुकलेली आहे. कुणीतरी डेटा सेंटरमध्ये घुसून आपली हार्ड डिस्क पळवेल असं लोकांना वाटतं, तसं सहसा होत नाही हो. डेटा जातो तो आपल्याच दारातून, म्हणजे सगळ्यांना माहीत असलेला एकच पासवर्ड, नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं चालूच राहिलेलं लॉगिन, बँकेसारखा दिसणारा ईमेल आणि त्यावर घाईत केलेलं क्लिक. कंपनी तिची इमारत आणि मशीन सांभाळते, लॉगिन कुणाला द्यायचं हे तुम्ही सांभाळायचं, आणि ही वाटणी करारात लिहिलेली असते, कुणी वाचत नाही एवढंच. त्यामुळे पहिल्या दिवसापासून प्रत्येकाचं वेगळं लॉगिन आणि टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर फोनवरचा कोडही, तेही जमलं तर एसएमएसचं नाही, अ‍ॅपवालं. आमचे सीनियर म्हणाले रोज फोन कोण बघत बसणार, मी म्हटलं चेकवर सही करताना कंटाळा येतो का, मग गप्प बसले.

तसं बघायला गेलं तर तुमचा म्हातारा सर्व्हर तरी कुठे सुरक्षित आहे? त्याचा बॅकअप शेवटचा कधी घेतला हे नका विचारू, शेवटचा रिस्टोअर करून कधी बघितला ते विचारा. आमच्याकडे याचं उत्तर होतं ‘कधीच नाही’. एक्स्टर्नल डिस्क सर्व्हरलाच कायम लावून ठेवलेली होती, म्हणजे रॅन्समवेअर, फाइली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस, आलं असतं तर दोन्ही एकदमच लॉक.

पण क्लाउडवर गेलं की बॅकअपचं टेन्शन संपलं असंही नाही, आणि हे तुमच्या पहिल्या पार्टनरला ऐकवा. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एक अख्खी इमारत गेली, आणि ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता अशा लोकांचा डेटा कायमचा गेला. मे २०२४ ला तर गुगल क्लाउडकडूनच चूक झाली आणि ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाची क्लाउडवरची यंत्रणाच डिलीट झाली, लाखो सभासद असलेला फंड, कित्येक दिवस लोकांना खातं बघता येईना. ते सावरले त्याचं मोठं कारण म्हणजे त्यांनी एक बॅकअप दुसऱ्याच कंपनीकडे ठेवला होता. आणि आपल्याच धंद्यातलं हवं असेल तर मे २०१९, टॅक्सचं सॉफ्टवेअर देणारी वोल्टर्स क्लुवर कंपनी, त्यांच्या सिस्टिममध्ये मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, सापडलं म्हणून त्यांनी सिस्टिम्स बंद केल्या आणि अकाउंटंट लोकांना काही दिवस टॅक्सचं सॉफ्टवेअरच उघडेना. या कंपन्या वाईट आहेत असं मला म्हणायचं नाहीये, पण महिन्यातून एकदा सगळ्या क्लायंटचं लेजर, ट्रायल बॅलन्स आणि अटॅचमेंट एक्सपोर्ट करून वेगळ्या जागी ठेवा. आम्ही महिनाअखेरच्या कामांच्या यादीतच टाकलंय ते, बँक रिकन्सिलिएशनच्या खाली.

एक्सपोर्टवरून आठवलं, सेल्सवाला डेमो द्यायला येईल तेव्हा त्याला आत कसं यायचं हे विचारू नका, ते तो सांगेलच. बाहेर कसं पडायचं ते विचारा. पाच वर्षांनी आम्हाला सोडायचं झालं तर डेटा कुठल्या फॉरमॅटमध्ये देणार, बिलांचे स्कॅन एंट्रीला जोडलेले राहणार की नुसता फाइलींचा ढीग मिळणार, कुणी कधी काय बदललं त्याचा ऑडिट ट्रेल येणार का, सबस्क्रिप्शन थांबवल्यावर किती दिवस डेटा ठेवणार. आमच्या डेमोत हसतमुख असलेला माणूस इथे पहिल्यांदा म्हणाला, ‘मॅडम, विचारून सांगतो.’ जिथे उत्तर लेखी मिळालं तिथे आम्ही गेलो, जे स्वस्त होतं तिथे नाही.

सर्टिफिकेटं पण दाखवतील, आयएसओ २७००१, एसओसी २ वगैरे, म्हणजे कंपनी डेटाची सुरक्षा कशी सांभाळते हे बाहेरच्या ऑडिटरने तपासल्याचे कागद. एसओसी रिपोर्ट असेल तर तो टाइप १ आहे की टाइप २ ते बघा. आपल्या भाषेत सांगायचं तर टाइप १ म्हणजे ताळेबंद, अमुक तारखेला कंट्रोल्स, म्हणजे सुरक्षेचे नियम आणि तपासण्या, नीट आखलेले होते एवढंच. टाइप २ म्हणजे नफा-तोटा पत्रकासारखा, ठरावीक काळात ते खरंच चालले का हे तपासलेलं. टाइप २ मागा, आणि मिळाल्यावर ऑडिटरचं मत आणि अपवाद कुठले नोंदवलेत तेवढं तरी वाचा, आपण रिपोर्ट वाचायचेच पैसे घेतो ना. अपटाइमचंही, म्हणजे सेवा किती वेळ चालू राहील या हमीचंही, तसंच, ९९.९ टक्के म्हणजे वर्षाला साधारण पावणेनऊ तास बंद राहिलं तरी कंपनी शब्दाला जागली, ९९.५ म्हणजे जवळपास ४४ तास. अर्ध्या टक्क्याला कोण विचारतं असं वाटतं, पण हे ४४ तास रिटर्नच्या शेवटच्या आठवड्यात आले तर?

इंटरनेटचं थोडक्यात सांगते. डाउनलोडचा स्पीड सगळे सांगतात, तुम्ही अपलोड बघा. २०० जीबी जुने स्कॅन २० एमबीपीएस अपलोडने चढवायचे तर सलग २२ तास लागतात आणि ते लाइन पूर्ण वेगाने चालली तर, म्हणजे हे काम शनिवारी-रविवारी. दुसरी लाइन वेगळ्या कंपनीची घ्या. रिमोट डेस्कटॉपवाला प्रकार घेतलात तर प्रिंटर आणि स्कॅनर आधी चालवून बघा, आमचा पहिला आठवडा त्यातच गेला, आणि रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटवर उघडा ठेवलेला नाही ना, मध्ये व्हीपीएन किंवा गेटवे, म्हणजे ओळख पटल्यावरच आत सोडणारा सुरक्षित रस्ता, आहे ना, हे होस्टिंगवाल्याकडून लिहून घ्या.

प्रत्यक्ष शिफ्ट करताना सगळे क्लायंट एकदम नेऊ नका. आम्ही आधी स्वतःच्या फर्मची पुस्तकं नेली, चुकलं तर आपलंच चुकेल म्हणून. मग तीन क्लायंट, ज्यांचे व्यवहार कमी आणि स्वभाव शांत. नवीन वर्षाच्या पहिल्या तारखेपासून सुरू केलं की फक्त ओपनिंग बॅलन्स न्यायचे, पण ते नेताना देणेकरी-घेणेकरींचा नुसता एकूण आकडा नेऊ नका, बिलागणिक बाकी न्या, नाहीतर पुढे पैसे आले की कुठल्या बिलापोटी आले ते लागत नाही आणि एजिंग रिपोर्टचा, म्हणजे कुठलं बिल किती दिवस थकलंय त्या यादीचा, सत्यानाश होतो. दोन महिने दोन्हीकडे एंट्र्या केल्या आणि महिनाअखेरीला दोन्ही ट्रायल बॅलन्स शेजारी ठेवून जुळवले. दुप्पट काम आहे, सगळे वैतागतात, मी पण वैतागले, पण बँक फीडमुळे डबल पडलेल्या एंट्र्या आम्हाला त्यातच सापडल्या. एक बँकेकडून आपोआप आलेली आणि तीच एक कुणीतरी सवयीने हाताने टाकलेली.

अजून एक, जे आम्हाला फार उशिरा सुचलं. ब्राउझरवाल्या सॉफ्टवेअरमध्ये क्लायंटचं खातं कुणाच्या नावावर उघडायचं, त्याच्या की फर्मच्या? फर्मच्या नावावर उघडलं तर सोपं पडतं, बिल एकत्र येतं, पण उद्या क्लायंट दुसऱ्याकडे गेला की त्याची पुस्तकं तुमच्या खात्यात अडकलेली आणि मग फोनाफोनी. आम्ही आता मालक क्लायंटला ठेवतो आणि स्वतःला अकाउंटंटचा अ‍ॅक्सेस घेतो, आणि एंगेजमेंट लेटरमध्ये, म्हणजे क्लायंटशी कामाच्या अटी ठरवणाऱ्या पत्रात, दोन ओळी वाढवल्यात, डेटा कुठे राहतो आणि काम संपल्यावर तो कसा मिळेल. डेटा देशाबाहेरच्या सर्व्हरवर ठेवला तर चालतो का हे मात्र तुमच्या तिथला कायदा आणि तुमच्या व्यवसायाची नियामक संस्था ठरवेल, ते कुणा अनोळखी माणसाच्या उत्तरावर सोडू नका, माझ्यासुद्धा.

आणि हो, जुना सर्व्हर लगेच भंगारात काढू नका. जुन्या वर्षांची पुस्तकं जेवढी वर्षं जपायची सक्ती आहे तेवढी जपायलाच लागतात आणि ती नव्या सॉफ्टवेअरमध्ये आलेली नसतात, त्यामुळे आमचा सर्व्हर इंटरनेट तोडून कोपऱ्यात ठेवलाय, फक्त बघण्यापुरता, वर्षातून दोन-तीनदा चालू होतो. त्याची एक पूर्ण कॉपी वेगळ्या डिस्कवर आहे, कारण त्या मशीनचा भरवसा आता मला नाही. ज्या दिवशी खरंच काढायचा त्या दिवशी डिस्क आधी नीट वाइप करायची किंवा सरळ फोडायची, नुसतं डिलीट करून विकायची नाही, त्यावर सगळ्या क्लायंटचे बँक स्टेटमेंट आहेत.