गुलमर्गला निघण्याआधी बुटांचं बघ
अरे, सोलापूरच्या उन्हात पाय सुजतात म्हणून आपण चप्पल एक नंबर मोठी घेतो. स्नोबोर्डच्या, म्हणजे बर्फावर घसरायच्या फळीच्या, बुटाला ती सवय नको. संध्याकाळी भिंतीला टाच टेकवून कागदावर उभा राहा, दोन्ही पाय मोज. मोठा पाय २६.५ सेंटिमीटर भरला तर मोंडो साइज, म्हणजे सेंटिमीटरमधल्या पायाच्या लांबीवरून ठरणारं बुटाचं माप, २६.५च.

सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकावीत, गुडघे वाकवले की जराशी मागे सरकावीत. टाच मात्र अजिबात उचलली जाता कामा नये. ती सुटली की बोर्ड ऐकत नाही. पहिल्या वेळी मी सैल बुटात लोकरीचे दोन-दोन मोजे घातले, दुपारपर्यंत टाचेला हा मोठा फोड! मोजा एकच, पातळ. नवीन बूट थोडा घट्ट चालेल, अस्तर वापरून दबतं. बोटं बधिर झाली तर लगेच बदलून घे.