इंग्रजीतला 'व्हेअरफोर' म्हणजे नक्की काय? 'व्हेअर'चंच जुनं रूप आहे का, आणि आज लिहिताना वापरला तर चालेल का?

नाही हो, 'कुठे'शी त्याचा काही संबंध नाही. व्हेअरफोर म्हणजे 'का', 'कशासाठी'. तुम्ही एकटेच नाही, खुद्द इंग्रजी बोलणारेसुद्धा सर्रास गोंधळतात आणि सगळा घोळ 'रोमिओ अँड ज्युलिएट'मधल्या त्या एका ओळीमुळे झालाय, 'व्हेअरफोर आर्ट दाऊ रोमिओ'. कॉलेजच्या गॅदरिंगला मुलगी खुर्चीवर चढून डोळ्यांवर हात धरून रोमिओला शोधतेय आणि तो खालून ओरडतो 'अगं इथेच आहे', हा विनोद घासून गुळगुळीत झाला तरी हशा मिळतोच.

पण शेक्सपिअरच्या नाटकात ज्युलिएट त्याला शोधतच नाहीये. तो खाली बागेत उभा राहून ऐकतोय हे तिला माहीतच नाही, ती एकटीच बोलतेय (आणि हो, ज्याला सगळे बाल्कनी सीन म्हणतात त्यात बाल्कनी हा शब्दच नाहीये, ती खिडकीशी आहे). ती कॅप्युलेट घराण्यातली, तो माँटेग्यू, दोन्ही घराण्यांचं पिढीजात वैर, म्हणून ती वैतागून म्हणते की अरे रोमिओ, तू रोमिओच का आहेस रे? म्हणजे नेमका त्याच घरात का जन्मलास? लगेच पुढची ओळ आहे की बापाला नाकार, नाव टाकून दे, ते जमत नसेल तर नुसतं माझ्यावर प्रेम असल्याची शपथ घे, मग मीच कॅप्युलेट राहणार नाही. आता 'कुठे आहेस' असा अर्थ लावून बघा, पुढच्या ओळीशी काही जुळतच नाही. आणि आपल्याकडे जे उठसूट 'नावात काय आहे असं शेक्सपिअर म्हणून गेलाय' म्हणतात ना, ते ह्याच बोलण्यात चार-पाच वाक्यांनी पुढे येतं, सगळी तक्रारच नावाबद्दल आहे. त्यामुळे ही ओळ म्हणताना जोर शेवटच्या 'रोमिओ'वर द्यायचा आणि दाऊच्या पुढे स्वल्पविराम टाकायचा नाही, स्वल्पविराम टाकला की अर्थ गेला.

'दाऊ' म्हणजे आपला 'तू'. इंग्रजीत तेव्हा तू आणि तुम्ही वेगळे होते, नंतर 'यू' सगळ्यांना पुरून उरला. 'आर्ट' म्हणजे 'आहेस', कलेशी संबंध नाही.

शब्दाची फोड सोपी आहे. मराठीत कसे क आणि त चे जोड आहेत, कुठे-तिथे, कसा-तसा, कशासाठी-त्यासाठी, तसेच इंग्रजीत व्हेअर-देअर, व्हॉट-दॅट. त्यात 'साठी' ह्या अर्थाचा फोर जोडला की व्हेअरफोर आणि देअरफोर. एक प्रश्न, दुसरा उत्तर. देअरफोर आपण रोज वापरतो, त्याचा जोडीदार मात्र मागे पडला. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये, म्हणजे बायबलच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात, मात्र तो जागोजागी भेटतो, येशूचा शिष्य पीटर पाण्यावरून चालताना घाबरून बुडायला लागतो तेव्हा येशू त्याला हात देऊन विचारतो 'व्हेअरफोर डिड्स्ट दाऊ डाउट', शंका का घेतलीस. नव्या भाषांतरांत तिथे सरळ 'व्हाय' असतं.

'म्हणून' असाही त्याचा एक अर्थ आहे, तो आता कोर्टाच्या कागदांत उरलाय. अमेरिकेत दाव्याच्या शेवटी, जिथे मागणी येते, तिथे 'व्हेअरफोर' असं ठळक अक्षरात लिहिलेलं अजून दिसतं. आपल्या भाडेकरारात असतो तो 'व्हेअरॲज', तो वेगळा, त्याला सरकारी मराठीत 'ज्याअर्थी' म्हणतात, आणि मग खाली 'त्याअर्थी' येतं. ह्या दोघांची गल्लत करू नका, वकील हसेल.

आज वापरायचा तर एकाच ठिकाणी बिनधास्त वापरा, 'द व्हाइज अँड व्हेअरफोर्स'. म्हणजे एखाद्या गोष्टीची सगळी कारणं, का नि कशासाठी ते सगळं. उदाहरणार्थ बॉसने निर्णय सांगितला पण व्हाइज अँड व्हेअरफोर्समध्ये शिरला नाही. हे वर्तमानपत्रात, बोलण्यात चालतं, कोणी भुवया उंचावत नाही. बाकी ईमेलमध्ये 'व्हेअरफोर डिड यू नॉट रिप्लाय' लिहाल तर समोरच्याला वाटेल तुम्ही चेष्टा करताय, आणि अर्ध्या लोकांना वाटेल तुम्ही ठिकाण विचारताय.