तीन डोळ्यांचा जुना प्रोजेक्टर घ्यावा का?

प्रश्न : ओळखीच्या एका गृहस्थांनी आपल्या बंद पडलेल्या प्रशिक्षण केंद्रातील सीआरटी (म्हणजे जुन्या टीव्हीसारख्या पिक्चर ट्यूबांवर चालणारा) प्रोजेक्टर विकायला काढला आहे. समोर लाल, हिरवे आणि निळे अशी तीन भिंगे असलेले हे धूड ७ इंची ट्यूबांचे असून त्याच्यावर वापराचे २,१०० तास नोंदलेले दिसतात. किंमत २२,००० रुपये सांगितली आहे. मानेवाड्यातील आमच्या घराच्या पहिल्या मजल्यावर १४ फूट लांब व १० फूट रुंद अशी खोली रिकामी आहे; तेथे जुने चित्रपट आणि अधूनमधून क्रिकेटचे सामने पाहण्याचा बेत आहे. मुलगा म्हणतो की एवढ्या पैशात नवा छोटा एलईडी प्रोजेक्टर येतो, हे भंगार घरात आणू नका. आपला सल्ला काय?
(एक वाचक, मानेवाडा, नागपूर)

उत्तर : चिरंजीवांची शंका अस्थानी नाही, परंतु तिचा निकाल २२,००० या किमतीवरून लागणार नाही आणि २,१०० या आकड्यावरूनही लागणार नाही. तो तीन ट्यूबांच्या काचा विजेरीच्या उजेडात पाहिल्यावरच लागेल. या यंत्रातील पंखे, सर्किटे आणि वीजपुरवठ्याचा भाग एखादा जुना, चिकाटीचा टीव्ही मेकॅनिक दुरुस्त करू शकतो. ट्यूब मात्र एकदा झिजली की झिजली. नवी ट्यूब बाजारात मिळत नाही, आणि मिळालीच तर ती अशाच दुसऱ्या एखाद्या यंत्राच्या पोटातून काढलेली असते. म्हणून सौदा प्रोजेक्टरचा दिसत असला तरी पैसे मोजायचे असतात ते तीन ट्यूबांच्या उरलेल्या आयुष्याचे.

घरातील जुन्या रंगीत टीव्हीच्या पिक्चर ट्यूबमध्ये तिन्ही रंगांचे फॉस्फर (इलेक्ट्रॉन आदळले की उजळणारा थर) एकाच काचेवर बारीक ठिपक्यांत किंवा पट्ट्यांत मांडलेले असत आणि त्यांच्यामागे जाळी असे. येथे प्रत्येक रंगाला स्वतंत्र ट्यूब असते, तिच्यावर एकाच रंगाचा सलग थर असतो आणि जाळी नसते. तिन्ही चित्रे पडद्यावर एकमेकांवर बसली की रंगीत चित्र तयार होते. जेथे इलेक्ट्रॉनची शलाका पडत नाही तेथे उजेड निर्माणच होत नाही, त्यामुळे रात्रीच्या प्रसंगातला काळोख खरोखर काळा दिसतो. याच गुणासाठी काही हौशी मंडळी ही धुडे अजून सांभाळून आहेत. छोट्या एलईडी प्रोजेक्टरात दिवा सतत पेटलेला असतो आणि पुढचे पॅनेल तो उजेड अडवत राहते. ते अडवणे पुरते जमत नाही, म्हणून तिथला काळा रंग राखाडीकडे झुकतो.

आता २,१०० तासांविषयी. काही यंत्रांत हा आकडा शून्यावर आणता येतो, तर काहींत तो ज्या सर्किट बोर्डावर साठवलेला असतो तो बोर्डच बदललेला असू शकतो. आकडा खरा धरला तरी ते तास कशाचे, हा प्रश्न उरतोच. चित्रपटात पडद्यावरचा उजेड सतत हलत असतो. प्रशिक्षण केंद्रात मात्र एकच पांढरी स्लाइड तासन्‌तास तशीच राहते, आणि मागच्या बाकांवरच्यांना दिसावे म्हणून कॉन्ट्रास्ट शेवटपर्यंत चढवलेला असतो. असे हजार तास चित्रपटांच्या तीन हजार तासांपेक्षा जास्त घातक ठरू शकतात.

म्हणून यंत्र बंद असताना प्रथम काचा पाहाव्यात. भिंगाच्या कडेने विजेरी तिरपी धरून आत डोकावले की ट्यूबचा दर्शनी भाग मोठा होऊन दिसतो. चांगल्या ट्यूबचा थर कडेपासून कडेपर्यंत सारख्याच फिकट, पांढुरक्या छटेचा असतो. झिजलेल्या ट्यूबवर मधोमध एक तपकिरी आयत दिसतो आणि त्याची कड जितकी रेखीव तितकी झीज जास्त समजावी. अशाच एका प्रशिक्षण केंद्रातून आलेल्या यंत्राच्या हिरव्या ट्यूबवर मी संगणकाच्या पडद्याची तळची पट्टी आणि तिच्या टोकाला ‘स्टार्ट’च्या बटणाची चौकट कोरल्यासारखी पाहिली आहे; ट्यूबवर चित्र उलटे उमटत असल्यामुळे ती तळाशी नसून वरच्या अंगाला होती. असा कोरीव ठसा पुढे प्रत्येक चित्रपटात, विशेषतः आकाशाच्या किंवा भिंतीच्या सपाट रंगावर, सावलीसारखा दिसत राहतो आणि कोणत्याही जुळवणीने जात नाही. तपकिरी छटा सौम्य आणि सगळीकडे सारखी असेल तर मात्र ती चालवून घेता येते. आपल्या यंत्रावरचा आयत बहुधा ४:३ या जुन्या प्रमाणाचा असेल. जुने चित्रपट त्याच मापात बसतात आणि रुंद पडद्याचे नवे चित्रपट रुंदी तीच ठेवल्यास त्याच्या आतच मावतात, त्यामुळे ती कड सहसा त्रास देत नाही.

दुसरी पाहणी द्रवाची. ट्यूब तापू नये म्हणून तिच्या काचेपुढे एथिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन यांचे मिश्रण भरलेले असते. ते वर्षानुवर्षे तसेच राहिले की गढूळ होते, त्यात कापसासारखे तंतू किंवा पापुद्रे तरंगू लागतात, आणि चित्रातील प्रत्येक दिव्याभोवती धुरकट वलय येते. द्रव बदलता येतो, तेव्हा एवढ्यावरून सौदा मोडू नये; किंमत अवश्य कमी करून घ्यावी. काही यंत्रांत लाल आणि हिरव्या ट्यूबांपुढच्या काचेला किंवा द्रवाला मुद्दाम रंगाची छटा दिलेली असते, तो दोष समजू नये. भिंगाखालच्या पत्र्यावर चिकट ओघळ दिसले तर मात्र गळती आहे. हा द्रव विषारी असून चवीला गोडसर असतो, म्हणून लहान मुले आणि पाळीव प्राणी यांच्यापासून तो दूर ठेवावा.

ही गळती मला पदरमोड करून कळली आहे. काही वर्षांपूर्वी मी केवळ छायाचित्रे पाहून परगावच्या एका विक्रेत्याकडून असे यंत्र मागवले. चित्र सुरेख होते आणि ट्यूबाही जवळपास कोऱ्या होत्या. वाहतूकवाल्याने जागा वाचावी म्हणून ते छोट्या हत्तीत कुशीवर आडवे टाकून आणले. घरी उघडले तेव्हा निळ्या ट्यूबपुढचा द्रव खालच्या बोर्डावर उतरला होता आणि तांब्याच्या रेषांवर हिरवा गंज चढू लागला होता. विक्रेता म्हणाला की आम्ही चालू स्थितीत दिले होते, आणि ते खरेही होते.

काचा पसंत पडल्या तरच यंत्र चालू करून पाहण्यात अर्थ आहे. आपण पोहोचाल तेव्हा ते थंड असावे, असे विक्रेत्याला आधीच सांगून ठेवावे आणि गेल्यावर झाकणावर हात ठेवून खात्री करावी, कारण थंड असताना कुरकुरणारे यंत्र तासभर आधी तापवून ठेवण्याची युक्ती जुनीच आहे. सुरू होताना क्षणभर चरचर झाली तर तिचे विशेष काही नाही, परंतु तडतड चालूच राहिली किंवा वीज कडाडल्यानंतर येतो तसा उग्र वास आला तर ईएचटीच्या, म्हणजे ट्यूबांना अतिउच्च दाबाची वीज पुरवणाऱ्या, भागातून वीज झिरपते आहे असे समजावे. अर्धा तास यंत्र तापू द्यावे. मग त्याच्याच मेनूतील आडव्या-उभ्या रेघांची जाळी लावून एकेक रंग स्वतंत्र पाहावा. कोपऱ्यातील रेघाही मध्याइतक्या बारीक हव्यात. निळा रंग किंचित पसरट दिसला तर बिघडले नाही, कारण निळ्याचा उजेड वाढावा म्हणून त्याचा फोकस पुष्कळदा मुद्दाम सैल ठेवलेला असतो. हे सारे रिमोटवरून करायचे असल्यामुळे मूळ रिमोट हरवलेला असेल तर पुढची बोलणी थांबवावीत. रिमोटशिवाय हे यंत्र म्हणजे किल्ली नसलेली तिजोरी आहे.

आपल्या खोलीचे गणित मला सर्वांत अवघड वाटते. या यंत्रांच्या भिंगांना झूम नसतो. यंत्र पडद्यापासून पडद्याच्या रुंदीच्या साधारण सव्वा ते दीडपट अंतरावर बसवावे लागते. पडदा ६ फूट रुंद धरला तर भिंगे साडेसात ते ९ फुटांवर येतात आणि त्यांच्यामागे यंत्राचे अडीच फुटांचे धड. म्हणजे १४ फुटांच्या खोलीत आपण नेमके त्याच्या खाली बसणार. जमिनीवर ठेवले तर ते खोलीच्या मध्यभागी मेजासारखे आडवे येते, छताला टांगले तर डोक्यावर साठ-सत्तर किलोंचे ओझे लोंबकळते. स्लॅब चांगला असेल तर टांगण्यास हरकत नाही, मात्र आधी स्थापत्य अभियंत्याला दाखवावे आणि पंख्याच्या हुकावर भिस्त ठेवू नये. जिन्याची रुंदीही मोजून ठेवावी.

पडदा याहून मोठा करण्याचा मोह टाळावा. असे यंत्र पूर्ण पांढऱ्या पडद्यावर साधारण २०० ल्युमेन (यंत्रातून बाहेर पडणाऱ्या एकूण उजेडाचे माप) देते असे धरू. ६ फूट रुंदीच्या १६:९ पडद्याचे क्षेत्रफळ २० चौरस फूट, म्हणजे साध्या पांढऱ्या पडद्यावर सुमारे १० फूट-लॅम्बर्ट (पडदा किती उजळ दिसतो याचे माप) उजेड पडेल. डिजिटल सिनेमागृहाचे ठरलेले प्रमाण १४ आहे. रुंदी ८ फूट केली तर क्षेत्रफळ ३६ चौरस फूट होते आणि उजेड साडेपाचावर उतरतो. क्रिकेटचा बेत येथेच कोसळतो. दिवसाचा सामना खिडकीचा पडदा सरकवून, चार जणांत चहा पीत पाहायचा असेल तर एलईडी प्रोजेक्टर किंवा सरळ टीव्ही बरा. शिवाय धावफलकाची पट्टी आणि वाहिनीचे बोधचिन्ह तासन्‌तास एका जागी राहतात, आणि ट्यूबवर ठसा उमटवण्याचे काम ती त्या ‘स्टार्ट’च्या बटणाइतक्याच इमानाने करतात.

सिग्नलचा मुद्दा थोडक्यात सांगतो. माहितीपत्रकात आडव्या स्कॅनची, म्हणजे यंत्र सेकंदाला किती हजार आडव्या ओळी काढू शकते याची, कमाल मर्यादा किलोहर्ट्झमध्ये दिलेली असते. जुन्या पाल पद्धतीच्या व्हिडिओला १५.६ किलोहर्ट्झ लागतात, ७२०पी ला ४५ (७५० ओळी, सेकंदाला ६० वेळा), तर १०८०पी ला ६७.५. यंत्र जेमतेम ४५ पर्यंत जात असेल तर ७२०पी वर समाधान मानावे. एचडीएमआयची सोय या यंत्रांत नसते; डिजिटल सिग्नल ॲनालॉगमध्ये बदलणारा कन्व्हर्टर आणि बीएनसी टोकांच्या पाच वायरी यांचा खर्च हिशेबात धरावा.

आपल्याकडचा उन्हाळाही विसरू नये. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, खोलीला वरून तापलेला स्लॅब, आणि त्यात सुमारे ५०० वॅट ओढणारे यंत्र. नागपुरी माणूस अशा वेळी कूलर लावणार हे उघड आहे. परंतु कूलरची ओलसर हवा आणि सुमारे ३०,००० व्होल्टचा दाब यांचे जमत नाही, कारण ओलाव्यामुळे वीज पृष्ठभागावरून सरकते आणि तडतड सुरू होते. त्या खोलीत एसी लावण्याची तयारी नसेल तर एप्रिल ते जून यंत्र झाकूनच ठेवावे लागेल. बंद केल्यानंतरही आत विजेचा भार साठून राहतो, तेव्हा झाकण उघडण्याचे काम सीआरटी टीव्हीवर हात बसलेल्या मेकॅनिकवरच सोपवावे. सीताबर्डीच्या दुकानांतून विचारत गेल्यास असा जुना माणूस सापडू शकतो. तो आधी शोधावा आणि यंत्र पाहायला जाताना सोबत न्यावा.

माझा कौल असा. २२,००० रुपये मी देणार नाही. तिन्ही काचा कोऱ्यासारख्या, रिमोट हजर आणि चित्र समोर चालवून दाखवलेले असेल, तर १०,००० पर्यंत जाईन. एका जरी ट्यूबवर कोरीव ठसा असेल तर सुटे भाग म्हणूनही दोन-तीन हजारांच्या वर जाणार नाही. बसवल्यानंतर तीन रंग जुळवायला पहिल्या वेळी अख्खा रविवार जाईल आणि पुढे दर काही महिन्यांनी तासभर. हे काम ओझे वाटणार असेल तर चिरंजीवांचे ऐकावे.

प्रश्न : माझ्याकडे असाच प्रोजेक्टर आहे. लागल्याबरोबर अक्षरांभोवती तांबडी कड दिसते, अर्ध्या तासाने ती आपोआप जाते. ट्यूब जात आली आहे का?
(एक वाचक, धरमपेठ, नागपूर)

उत्तर : नाही. यंत्र तापेपर्यंत रंग थोडे सरकलेले असतात, म्हणून त्या अर्ध्या तासात जुळवणीला हात लावू नये. थंड असताना जुळवलेले चित्र तापल्यावर पुन्हा विस्कटते. तासाभरानंतरही कड राहिली तरच जुळवणी करावी, आणि ती फक्त लाल रंगाची करावी. हिरव्याला हलवू नये, कारण बाकीचे दोन्ही रंग त्याच्यावर बेतलेले असतात.